पेटींतला कर्णा

बीड जिल्ह्यांतील एका जुन्या वाड्यांत झांकणाची काळी पेटी पाहून बरोबरच्या मुलानें विचारिलें, "हिचा कर्णा कुठें गेला?" फोनो म्हटला कीं पितळी फूलच डोळ्यांपुढें येतें, त्यास दोष कसा द्यावा? वास्तविक कर्णा पेटींतच होता.

तो पोटांत घेण्याची रीत अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें १९०६ सालीं 'व्हिक्ट्रोला' काढून रूढ केली. हेतु गायनाचा नव्हे, दिवाणखान्याच्या शोभेचा! पुढचीं दारें लोटलीं कीं आवाज मंदावे, ही एक सोय. पण आंत कोंबलेल्या आखूड कर्ण्यांतून खर्ज निसटून जाई. १९२५ सालीं मॅक्सफील्ड व हॅरिसन यांच्या संशोधनावरून त्याच कंपनीनें नवें यंत्र काढलें. त्यांतील कर्ण्याचा छेद ठराविक अंतरागणिक ठराविक पटीनें वाढे, व सुमारें ६ फूट लांबीचा तो कर्णा घड्या घालून कपाटांत बसविलेला असे. शोभेसाठीं सोसलेली उणीव अखेर गणितानें भरून काढली.

वाड्यांतली पेटी 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची, १९३१ सालीं निघालेल्या १०२ क्रमांकाच्या नमुन्याची. हिचा कर्णा आंतून वळून मागें उघडतो, आणि उघडें झांकण आवाज श्रोत्यांकडे परतवितें. चावी दिली कीं झालें. विजेचें नांव नको. १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं असलेल्या या मुलखांतील वीज न पोंचलेल्या गांवींही ती चालण्याजोगी होती.

हल्लीं नवे पितळी कर्णे लावून 'जुने' फोनो विकतात, व त्यांसाठीं अशाच पेट्या फोडतात. यंत्र आणि ध्वनिपेटी तेवढी काढून घेतात; आंतला कर्णा भंगारांत जातो. या पेटीलाही तसें गिऱ्हाईक आलें होतें. घरच्या आजींनीं तें परत पाठविलें, आणि आम्हांस बालगंधर्वांची तबकडी लावून दिली. मुलगा मात्र कर्णा शोधीत पेटीच्या पाठीमागें जाऊन बसला.