आधी आवाज येतो

दार हळूच लोटा आणि भिंतीला टेकून उभे राहा. तुम्ही अथेन्समध्ये आहात, साल 1940, आणि संगीतविद्यालयाच्या या खोलीत एल्विरा दे इदाल्गो शिकवतायत. बाई मूळच्या स्पेनच्या. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरातली रोझिना गाऊन त्यांनी नाव कमावलंय. पियानोशी उभी असलेली मुलगी एक तान घेताना अडखळते, बाई थांबवतात, पुन्हा पहिल्यापासून.

पण गाणारीकडे बघू नका. बाजूला बसलेल्या त्या जाड भिंगांच्या मुलीकडे बघा. अंगानं थोराड, नखं कुरतडायची सवय. मारिया कालोयेरोपुलू, वय सोळा. जन्म न्यूयॉर्कचा. आईवडिलांचं पटेना, तेव्हा 1937 साली आई तिला घेऊन ग्रीसला आली आणि वडील अमेरिकेतच राहिले. तिथं त्यांनी आडनाव छोटं करून घेतलं होतं, कालास. त्या छोट्या आडनावाला इथं अजून कोणी ओळखत नाही.

मारियाची पाळी यायला अवकाश आहे. तरी ती सकाळी दहालाच येऊन बसते आणि संध्याकाळी बाई निघाल्या की मगच घरी जाते. मधला सगळा वेळ ती दुसऱ्यांचं गाणं ऐकते. जड आवाज, हलके आवाज, सुरात असलेले, घसरलेले, सगळे. पुढे मुलाखतींतून ती सांगायची की सगळ्यात कमी गुणाच्या विद्यार्थ्यालाही आपल्याला न जमणारं काहीतरी जमत असतं, म्हणून बसून राहायचं. तिच्याकडे नीट पाहा. मान किंचित झुकलेली, ओठ बंद, आणि पियानोजवळची मुलगी चुकली की मारियाच्या कपाळावर आठी पडते.

मारिया कालास या ऑपेरा-गायिकेबद्दल लिहिताना बहुतेक जण मिलानचं ला स्काला ऑपेरागृह गाठतात, तिचा जहाजमालक प्रियकर ओनासिस गाठतात, भांडणं आणि उतरवलेलं वजन गाठतात. मला ही खोली सोडवत नाही. तिचं गाणं ऐकता ऐकता माझी पक्की खात्री झालीय की या बाईची खरी कमाई कानाची होती. गळा त्या कानाच्या मागून चालत गेला.

उठली बघा ती. आवाज सुरू होतो आणि तुम्ही नकळत भिंतीला आणखी चिकटता. मोठा, गडद, सगळीकडे सारखा नसलेला आवाज. असा आवाज हाती आला की भल्याभल्या शिक्षकांना मोह होतो, जड भूमिका द्याव्यात, लवकर रंगमंचावर उभं करावं. इदाल्गोबाई उलट वाट धरतात. त्या तिला ‘बेल कांतो’ शिकवतात, म्हणजे रोसिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या गाण्याची जुनी इटालियन रीत. एका श्वासात सलग ओढलेली ओळ, दाणेदार ताना, कंप, आणि हे सगळं आवाज हलका ठेवून. आपल्याकडे कोवळ्या गळ्याकडून पलटे घोटून घेतात, तशी ही तालीम. एवढ्या भारदस्त आवाजाला कशिद्याचं काम कशाला, असं तुम्हालाही वाटेल. त्याचं उत्तर मिळायला नऊ वर्षं जायची आहेत.

आणखी एक गोष्ट. चष्म्याशिवाय तिला जवळजवळ काही दिसत नाही, आणि रंगमंचावर चष्मा घालता येत नाही. वाद्यवृंद चालवणाऱ्याचा हात म्हणजे तिच्या लेखी नुसतं धुकं. मग इशाऱ्यावर विसंबायची सोयच नाही. स्वतःची ओळ, सोबत्याची ओळ, वाद्यांची ओळ, सगळं पाठ करायचं आणि कानानं वाट काढायची. ज्याला दिसत नाही तो ऐकतो, हे तिच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे.

आता पुढच्या दोन वर्षांतून भरभर चला. 27 एप्रिल 1941 ला जर्मन फौजा शहरात शिरतात. त्या हिवाळ्यात भाकरी मिळेनाशी होते. रस्त्यांवर माणसं बसल्या जागी मरतात, गाड्या येऊन मृतदेह उचलून नेतात. इथं थांबून बघत राहणं मला बरं वाटत नाही. एवढंच लक्षात ठेवा की पातिसिऑन रस्त्यावरच्या 61 नंबरच्या घरातून ती याच दिवसांत ये-जा करत होती, आणि तिची तालीम सुटली नव्हती.

27 ऑगस्ट 1942. क्लाफ्थमोनोस चौक. नावाचा अर्थ ‘रडण्याचा चौक’, कारण एके काळी नोकरीवरून काढलेले सरकारी कारकून इथं जमून रडायचे. इथल्या उघड्या नाट्यगृहात जागा धरा. पुच्चिनीचा ‘तोस्का’ आहे, ग्रीक भाषेत. प्रेक्षकांत गणवेशातले परके अंमलदारही बसलेत. कथेत एक पोलीसप्रमुख शेजारच्या खोलीत कैद्याचे हाल करतो आणि त्याच्या किंकाळ्या त्याची प्रेयसी तोस्का हिला ऐकवून तिच्याकडून गुपित काढून घेतो. ताब्यात घेतलेल्या शहरात हे दृश्य बघताना तुमच्या अंगावर काटा येईल. किंकाळी पडद्यामागून येते आणि तोस्का झालेल्या अठरा वर्षांच्या मारियाची मान वळते, अगदी वर्गात वळायची तशी. तिथं मला अभिनय दिसत नाही. ती खरंच ऐकतेय.

मधली वर्षं ओढगस्तीची. 1945 मध्ये ती अमेरिकेला परतते, दोन वर्षं काम जवळपास नाही. शिकागोत उभी राहू पाहणारी एक ऑपेरा मंडळी पहिला पडदा वर जायच्या आधीच बुडते. ऑगस्ट 1947 मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या रोमन रिंगणात ती ‘ला जोकोंदा’ गाते, आणि तिथं तुल्लिओ सेराफिन हा जाणता संगीतसंचालक तिला भेटतो.

जानेवारी 1949, व्हेनिस, ला फेनिचे नाट्यगृह. मारिया पंचवीस वर्षांची. वाग्नरच्या ‘व्हाल्क्यूरं’मध्ये ती ब्रुनहिल्ड गातेय. भाला घेतलेली देवकन्या, वाद्यांच्या लाटांवरून हाक मारणारी. याच नाट्यगृहात पुढचा ऑपेरा बेल्लिनीचा ‘पुरितानी’, पण त्यातली एल्विरा गाणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडते. सेराफिन मारियाला सांगतो, तू गा. तिला त्यातलं एकच गाणं येत असतं. उरलेली भूमिका ती आठवड्याभरात पाठ करते, तीही ब्रुनहिल्डचे प्रयोग चालू असताना. वाग्नर गाणारीनं त्याच आठवड्यात एल्विराच्या हलक्या ताना घ्यायच्या, हे कुणाला खरंही वाटलं नसतं. इदाल्गोबाईंनी कशिदा का शिकवला, ते आता कळतं.

19 जानेवारी. बसा. दुसरा अंक आहे, एल्विराला वेड लागलंय. रंगमंचावरची माणसं तिच्याविषयी बोलतायत, ती मात्र कुठे दिसत नाही. बेल्लिनीनं तिला आधी आतूनच गायला लावलंय. तुमच्या शेजारचा माणूस पुढे झुकतो. डावी-उजवीकडे शोधू नका, अजून बघण्यासारखं काही नाही. आतून एक ओळ येते, हलकी, सलग, एका श्वासातली. सेराफिनचा हात तिला दिसत नाहीये. वाद्यं तिच्यासोबत आहेत.