बडनेरा ते पोर्ट ब्लेअर आणि गोवराचं गणित

अंदमानला स्वस्तात कसं जायचं, हा प्रश्न आमच्या हॉस्टेलवर गेली दोन वर्षं पडून आहे. चौघी मैत्रिणी, पाठीवर एकेक सॅक, माणशी पंधरा हजारांच्या वर एक रुपया नाही. फेलोशिप कोणत्या महिन्यात येईल ते देवालाच ठाऊक, म्हणून विमान पहिल्याच दिवशी बाद झालं. उरला जुना मार्ग. बडनेऱ्याहून नवजीवन एक्स्प्रेस धरायची, बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा करत चेन्नईला उतरायचं, आणि तिथून बंदरावरचं सरकारी जहाज. जहाजात सगळ्यात स्वस्त म्हणजे बंक क्लास, एका मोठ्या दालनात खाटांवर खाटा. सुमारे १२०० किलोमीटर समुद्र, तीन दिवस. जहाजांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि हवा बिघडली की बदलतं, त्यामुळे दोन दिवस हातचे राखून ठेवावे लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा जायचा काळ. मे अर्ध्यावर आला की नैर्ऋत्येचा पाऊस तिथे आपल्याआधी पोचतो.

आई म्हणाली, "समुद्र पाहाले इतक्या दूर कायले वं? अलिबाग काय वाईट आहे?" तिचं चूक नाही. पण मी काम करते ते साथींच्या गणितावर, आणि त्या विषयात बेटांना फार मान आहे. ट्रिपचा कागद करायला बसले तेव्हा "तीन दिवस" या आकड्यावर माझी पेन्सिल अडली. तिथून जे वाचत गेले ते तुम्हाला सांगायचं आहे. जेल आणि सावरकर यांच्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे पुन्हा सांगत नाही.

आधी थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

गोवराचा विषाणू फक्त माणसात राहतो. जनावरात नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत माणूस तो पसरवतो. मग एकतर बरा होतो किंवा मरतो. बरा झाला तर पुन्हा जन्मात त्याला गोवर सहसा होत नाही. म्हणजे विषाणूला जगायचं असेल तर दर दोन आठवड्यांनी एक नवा, कधीही गोवर न झालेला माणूस सापडलाच पाहिजे. वर्षाला २६ कड्यांची साखळी. एक कडी तुटली की त्या गावातून, त्या बेटावरून गोवर संपला.

आता वऱ्हाड घ्या. १८८१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या होती सुमारे २६ लाख ७० हजार. हजारी ४० जन्म धरले तर वर्षाला एक लाखाच्या वर पोरं, म्हणजे दर पंधरवड्याला चार हजारांहून जास्त. गोवराला जेवायला कधीच कमी पडत नाही. अकोल्यात संपला तर अचलपुरात असतो, तिथे संपला तर मूर्तिजापुरात. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पुरी झाल्यावर तर त्याला तिकीटही लागलं नाही. म्हणून आपल्याकडे गोवर हा कायम पोरांचा आजार. दारी कडुलिंबाचा डहाळा, पोराला अंधाऱ्या खोलीत निजवायचं, वरणाला फोडणी नाही. अनेक पोरं त्यात दगावली, हे विसरायचं नाही. पण जे वाचून मोठे झाले ते सगळे त्यातून तावून निघालेले असत. घरात एक पोर पडलं तरी पाणी द्यायला आई उभी असे.

आता पाच हजार लोकांचं बेट घ्या. त्याच हिशोबाने वर्षाला २०० जन्म, पंधरवड्याला आठ. तीही सगळ्या बेटभर विखुरलेली. इथे गोवर टिकूच शकत नाही. बाहेरून आला तर एका फेरीत सगळ्यांना लागून जाणार आणि संपणार. गोवर कायम टिकायला किती वस्ती लागते, याचा अंदाज १९५७ मध्ये एम. एस. बार्टलेट या संख्याशास्त्रज्ञाने बांधला: अडीच-तीन लाखांचं शहर. १९६६ मध्ये फ्रान्सिस ब्लॅकने जगभरच्या बेटांच्या नोंदी तपासल्या, तर बेटांसाठी आकडा पाच लाखांच्या आसपास निघाला. आमच्या शाखेत हे दोन निबंध न वाचलेला माणूस सापडणार नाही.

(जाता जाता: गोवराचा सगळ्यात जवळचा भाऊबंद म्हणजे गुरांची बुळकांडी. माणसाने गुरं पाळली आणि मोठ्या वस्त्या केल्या, तेव्हा कधीतरी हा विषाणू गुरांकडून माणसाकडे आला, असं मानतात. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. गोवर अजून आहे.)

पण छोट्या बेटावर गोवर नसणं ही चांगली गोष्ट झाली ना? झाली, जोवर जहाज येत नाही तोवर.

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर आला. आधीची साथ १७८१ ची. मधली ६५ वर्षं काही नाही. सुमारे ७,८०० लोकवस्तीतले ६,००० हून जास्त आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. तो माझ्याहून लहान होता, हे वाचून दरवेळी थोडं वाईट वाटतं. पानुमने होडीतून गावोगाव फिरून एकच गोष्ट विचारली: तुमच्या गावात बाहेरचा माणूस कोणत्या दिवशी आला आणि पहिलं पुरळ कोणत्या दिवशी दिसलं? बेटांवरच्या गावांत पाहुणा रोज येत नाही, त्यामुळे लोकांना तारीख आठवत होती. त्यातून १३-१४ दिवसांचा हिशोब निघाला, जो आपण आजही वापरतो. आणि १७८१ मध्ये गोवर झालेली जी म्हातारी माणसं जिवंत होती, त्यांच्यातलं एकही या वेळी आजारी पडलं नाही.

हे १४ दिवस आणि आमचे जहाजातले तीन दिवस शेजारी ठेवून बघा. शिडाच्या जहाजाला जिथे महिना-दीड महिना लागायचा, तिथे एखादा लागण झालेला प्रवासी चढला तरी साथ बहुधा वाटेतच जळून जायची. जे थोडके लोक लागण होण्याजोगे असत त्यांना होऊन जायचा, आणि किनारा येईपर्यंत विषाणूला नवा माणूस उरायचा नाही. वाफेचं जहाज आलं आणि हे गणित फिरलं. प्रवास बराच आखूड झाला. आता माणूस अंगात विषाणू घेऊन, ताप नसताना, ठणठणीत उतरू शकत होता. अंतर किलोमीटरमध्ये तेवढंच राहिलं, पण विषाणूच्या हिशोबाने बेट मुख्य भूमीला येऊन चिकटलं.

१८७५ च्या जानेवारीत फिजीचा राजा थाकोम्बाऊ सिडनीहून 'डायडो' या ब्रिटिश युद्धनौकेने परतला. त्याला स्वतःला तिथे गोवर झाला होता, परतताना मुलांनाही झाला. जहाज वेगळं न ठेवता सगळ्यांना उतरू दिलं. मग गावोगावचे प्रमुख त्याला भेटायला जमले आणि आपापल्या बेटांवर परत गेले. सुमारे ४० हजार माणसं मेली, म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक.

फॅरोत मृत्यू त्या मानाने कमी, फिजीत इतके. का? पूर्वी सरळ म्हणत, त्यांचं रक्तच कमजोर. मला हे उत्तर आळशी वाटतं. सगळं गाव एकाच आठवड्यात आडवं झालं, की विहिरीवर जायला कोणी नाही, चूल पेटवायला कोणी नाही, तान्ह्याला पाजायला आई शुद्धीवर नाही. त्यावर हगवण आणि न्यूमोनिया. फॅरोत निदान बाहेरून डॉक्टर आले, धान्य होतं. गोवराने मारलं किती आणि तहानेने किती, याचा हिशोब वेगळा काढता येत नाही.

आता अंदमान. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन तिथे उतरला, बहुतेक सत्तावनच्या उठावातले. त्या वेळी ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमाती मिळून साधारण पाच हजार लोक असावेत असा अंदाज आहे. म्हणजे माझं वरचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नव्हतं. मे १८५९ मध्ये या लोकांनी ॲबर्डीनवर मोठा हल्ला केला. त्यांच्यात वर्षभर राहिलेला दूधनाथ तिवारी हा पळून गेलेला कैदी परत आला आणि त्याने आधीच खबर दिली, म्हणून इंग्रज वाचले. धनुष्यबाणाने जमिनी राखता येईनात. १८६३ मध्ये रॉस बेटावर 'अंदमान होम' उघडलं: जंगलातल्या लोकांना आणायचं, खाऊ-पिऊ घालायचं, तंबाखू द्यायची, माणसाळवायचं. कल्पना प्रेमळ होती असं चालवणाऱ्यांना वाटत असेल. साथींच्या गणितात तिचा अर्थ एवढाच, की विखुरलेल्या माणसांना एका छपराखाली आणलं आणि ते छप्पर बंदराशेजारी ठेवलं. आधी उपदंश पसरला.

मग १८७७. मद्रासहून कैद्यांची एक तुकडी आली आणि तिच्याबरोबर गोवर आला. कैद्यांसाठी ती नेहमीची गोष्ट, त्यांच्यातल्या बहुतेकांना लहानपणी होऊन गेलेला. होममधल्या लोकांना लागला, घाबरून ते जंगलात आपल्या माणसांकडे पळाले, आणि ज्यांनी कधी जहाज पाहिलं नव्हतं त्यांच्यापर्यंत तो पोचला. या लोकांवर नेमलेला अधिकारी एम. व्ही. पोर्टमन याने नंतर अंदाज केला, की ग्रेट अंदमानवरची निम्मी, कदाचित दोन तृतीयांश माणसं या साथीच्या परिणामाने गेली. मोजणारं तरी कोण होतं जंगलात? १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ६२५ उरले. १९३१ मध्ये ९०. १९६१ मध्ये १९.

पुढे या उरलेल्यांना स्ट्रेट आयलंडवर वसवलं. २०१० च्या जानेवारीत बोआ सीनियर या आजी गेल्या. आका-बो भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज नोंदवून ठेवलाय.

इथे मी ट्रिपच्या कागदावर परत आले. त्यावर चौथ्या दिवसापुढे लिहिलं होतं: बाराटांग, चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. स्वस्त आणि मस्त, असं सगळे सांगतात. जायचं कसं? पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून कागदोपत्री श्री विजयपुरम, पण आमच्या तोंडी अजून जुनंच बसलंय) अंदमान ट्रंक रोडने. हा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळी सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये या रस्त्याचा राखीव क्षेत्रातला भाग बंद करायला सांगितलं होतं. रस्ता चालू आहे.

जारवा २०११ च्या जनगणनेत ३८०. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते जंगलाबाहेर यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर आला, मग न्यूमोनिया. या वेळी डॉक्टर होते, दवाखाना होता, १८७७ झालं नाही. २००६ मध्ये पुन्हा आला. ३८० माणसांना हजारी ४० लावलं तर वर्षाला १५ जन्म. दर पंधरवड्याला एकही पुरा नाही. हा विषाणू त्यांच्याकडे दरवेळी कुणीतरी आणूनच द्यावा लागतो.

बाराटांगवर आमची दोन रात्री भांडणं झाली. एक म्हणाली, बंद काचेच्या बसमधून जाणाऱ्या चार पोरींनी काय होणार आहे? खरं सांगायचं तर आमच्या चौघींमुळे होणारा धोका मोजायला घेतला तर तो फार लहान निघेल. पण ताफा चौघींचा नसतो, वर्षभर रोज असतो, आणि १८७७ ची तुकडीही आपल्याकडून काही होईल असं समजून आलेली नव्हती. बाराटांगला आता समुद्रानेही जाता येतं. ती होडी आमच्या दिवसांत बसली तर जाऊ, नाहीतर तो दिवस स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, राधानगरच्या किनाऱ्यावर घालवायचा. तिथे जायला सरकारी फेरी घ्या, खासगी बोटीहून स्वस्त पडते.

आणखी एक काम कागदावर चढलं. देशाच्या लसीकरणात गोवर १९८५ पासून आहे, पण दुसरा डोस २०१० नंतर आला. म्हणजे आज पंचविशी ओलांडलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना नवव्या महिन्यातला एकच डोस मिळालाय, आणि एका डोसाने शंभरातल्या काहींना संरक्षण मिळत नाही. तुम्ही याच वयाचे असाल तर घरी विचारून बघा. मी आईला फोन केला. तिने राशन कार्डाच्या डब्यातून माझं पिवळं पडलेलं कार्ड काढून फोटो पाठवला. गोवरच्या रकान्यात एक तारीख, एक सही. चौघींपैकी दोघींचीच कार्डं सापडली. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले निघायच्या निदान महिनाभर आधी चौघीही घेऊन टाका. तो खर्च पंधरा हजारात धरलेला नव्हता, म्हणून परतीच्या गाडीत एसी होतं त्याचं स्लीपर केलंय.