छोट्या धंद्याची अनेक कर्जे एकाच हप्त्यात आणताना

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ मशीनवर जॉबवर्क करणारा, पॅकिंगचे खोके बनवणारा किंवा कामगारांना जेवणाचे डबे पुरवणारा माणूस सहसा एकाच कर्जात अडकत नाही. मशीनसाठी फायनान्स कंपनीचे कर्ज असते, मुलांच्या फीसाठी क्रेडिट कार्ड घासलेले असते, पत्नीच्या नावावर मायक्रोफायनान्सचा हप्ता असतो, आणि काम मंदावले की संध्याकाळी वसुलीला येणारा डायरीवाला असतोच. हे सारे फेडून एकच हप्ता करता येईल का, असे सभासद आम्हाला विचारतात. येतो. पण नोकरदाराला पगाराच्या पावतीवर जसे वैयक्तिक कर्ज मिळते तसे कमी उत्पन्नाच्या व्यावसायिकाला मिळत नाही, त्याला वेगळी वाट धरावी लागते.

आधी सर्व देणी एका कागदावर मांडावीत: शिल्लक मुद्दल, व्याजाचा दर, उरलेले हप्ते. कार्डाचे व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. डायरीचा दर तर कोणी सांगतच नाही. समजा 10,000 रुपयांचे कर्ज, हातात आले 9,000, आणि रोज 100 रुपये याप्रमाणे 100 दिवस फेड. "हजारच तर गेले" असे वाटते. पण रोज मुद्दल कमी होत असते, म्हणून हा दर वर्षाला 75 टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे पहिल्यांदा फेडायचे ते डायरीचे, मग कार्डाचे. मशीनचे कर्ज 12-13 टक्क्यांचे असेल तर त्याला हात लावू नये. सगळीच कर्जे एकत्र केली पाहिजेत असे मुळीच नाही.

मुदतीकडेही पाहावे. 1,70,000 रुपये 12 टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 5,650 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 33,000. तेच पाच वर्षांवर नेले तर हप्ता 3,780 वर येतो, पण व्याज जवळजवळ 57,000 होते. एजंट तुम्हाला फक्त हप्ता किती कमी झाला ते सांगतो.

उत्पन्न कागदावर असावे

बँकेत इतकी वर्षे काढल्यावर आमचे मत असे की छोट्या व्यावसायिकाचे कर्ज बहुतेक वेळा आयकर विवरणपत्रावर अडते. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीवर किमान 6 टक्के आणि रोख उलाढालीवर 8 टक्के उत्पन्न दाखवायचे असते. पुष्कळ जण या किमान आकड्यावरच थांबतात. वर्षाची उलाढाल 9 लाख असेल तर 6 टक्क्यांनी उत्पन्न होते 54,000, म्हणजे महिना 4,500. घरात प्रत्यक्ष 20,000 येत असले तरी बँकेला ते दिसत नाही, आणि 4,500 उत्पन्नावर 5,650 चा हप्ता कोणता अधिकारी मंजूर करील? किमान म्हणजे त्याहून कमी नाही. खरे उत्पन्न जास्त असेल तर तेच दाखवायचे. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, तेव्हा लपवण्यात फायदाही उरलेला नाही. दोन वर्षांची विवरणपत्रे आणि बारा महिन्यांचे खातेउतारे असले की बोलणे सोपे होते. गिऱ्हाइकाचे पैसे खात्यातच घ्यावेत.

उद्यम नोंदणी आधारवर, विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. क्रेडिट अहवालही चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात फेडलेले कर्ज चालू दिसत असेल तर तक्रार करावी. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

पैसे कोठून येतील

कमी उत्पन्नवाल्यासाठी सर्वांत जवळची वाट सोनेतारण कर्जाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार, 1 एप्रिल 2026 पासून घरखर्चासारख्या कारणासाठी घेतलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या मूल्याच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. येथे विवरणपत्रापेक्षा दागिन्याचे वजन पाहिले जाते. मात्र बरीच सोनेतारण कर्जे वर्षाअखेर एकरकमी फेडायची असतात. आपण मासिक हप्त्याची मागावीत. आणि दागिने बहुधा घरातल्या बाईचे असतात, तेव्हा आधी तिला सर्व कर्जांचा कागद दाखवावा.

घरावर गृहकर्ज चालू असेल तर त्यावर वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, कमी दरात मिळू शकते. इथे आम्ही थोडे थांबायला सांगतो. कार्डाची बाकी थकली तर फोन येतात, नोटीस येते, पण घर तारण नसते. तेच देणे घरावर चढवले की हप्ते थकल्यावर घरच जप्तीत जाऊ शकते. काम हंगामी असेल तर ही वाट शेवटची समजावी.

मुद्रा कर्जाविषयी गैरसमज फार आहे. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत आणि तरुण 10 लाखांपर्यंत, तारणाशिवाय मिळते. पण ते यंत्र, कच्चा माल, खेळते भांडवल यांसाठी असते. डायरीवाल्याचे देणे फेडायला ते वापरणे म्हणजे बँकेला खोटे कारण सांगणे. त्याचा सरळ उपयोग दुसराच आहे. पत्रा, पुठ्ठा, किराणा उधारीवर घेतला की व्यापारी चढा भाव लावतो. भांडवलासाठी मुद्रा घेतले आणि माल रोखीने आणला की महिन्याला जे वाचते, त्यातून जुनी देणी फिटू लागतात. ठेला लावणाऱ्यांसाठी स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला टप्पा 15,000 रुपयांचा.

पत्नीच्या नावावर मायक्रोफायनान्स असेल तर एक नियम लक्षात ठेवावा. घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होत असतील तर ती कंपनी नवे कर्ज देऊ शकत नाही. जुने मुदतीआधी फेडले तर दंडही नाही.

मंजुरीनंतर

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. सही त्या आकड्यावर करावी, तोंडी सांगितलेल्या दरावर नाही. मंजुरीआधी रोख "फाइल चार्ज" मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

शक्य असेल तेथे नव्या कर्जाची रक्कम हातात न घेता थेट जुन्या कर्जखात्यात भरायला सांगावे. त्यासाठी जुन्या संस्थेकडून त्या तारखेची पूर्ण बाकी लेखी घ्यावी. "सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे: थोडे पैसे माफ होतात, पण अहवालात "सेटल्ड" असा शेरा लागतो आणि पुढचा अधिकारी तो वाचतो. पूर्ण फेडलेल्या खात्यावर "क्लोज्ड" येते. कार्डाची बाकी भरली की कार्ड लेखी बंद करावे, नाहीतर सहा महिन्यांत नवा हप्ताही असतो आणि कार्डही भरलेले असते.

वसुलीचा माणूस सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाही. तक्रार प्रथम बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी द्यावी; 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. डायरीवाला या व्यवस्थेत येत नाही. त्याचा हिशेब संपवताना दोन साक्षीदार बरोबर न्यावेत, रक्कम खात्यातून द्यावी, आणि त्याच्याकडे ठेवलेले सह्या केलेले कोरे चेक व स्टॅम्प पेपर त्याच बैठकीत परत घ्यावेत.