वाटा, चाकरी आणि मान : जयपूर राज्यातील उमराववर्गाची घडण

मराठीत ‘सरंजामशाही’ हा शब्द इतका रुळून गेला आहे की, युरोपातील मध्ययुगीन सामंत असोत, जपानातील सामुराई असोत की राजपुतान्यातील ठाकूर असोत, या सर्वांना एकाच नावाखाली आणताना कोणालाही संकोच वाटत नाही. शब्द सोयीचा आहे. परंतु तो ज्या व्यवहारातून उचलला गेला तो व्यवहार निराळा होता. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख. तो चाकरीच्या बोलीवर मिळे, आणि निदान तत्त्वतः तरी धन्याला तो परत घेता येई. पिढीजात हक्क म्हणून मराठी माणूस ज्यासाठी प्राण पणाला लावी ते वतन, सरंजाम नव्हे. हा भेद विसरून ‘सरंजामशाही’ हे नाव जयपूरला लावले म्हणजे तेथील उमराव हे राजाने जमीन देऊन उभे केलेले सेवक होते, असे चित्र आपोआप मनात उभे राहते. या राज्याचा पूर्वेतिहास मात्र जवळजवळ याच्या उलट आहे. तेथील थोर सरदारघराणी राजाने बाहेरून आणून बसविलेली नव्हती. ती राजाच्याच रक्ताची होती, आणि राज्यातील आपला भाग हा आपला वाटा आहे, असे ती मानीत.

जयपूर शहराच्या पश्चिमेस वैशालीनगर नावाची वसाहत आहे आणि तिच्यातील एका चौकाला आम्रपालीचे नाव आहे. राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात लिच्छवींच्या गणराज्याचे स्मरण विसंगत वाटण्याजोगे आहे. तथापि ही विसंगती वरवरचीच आहे. जातककथांत वैशालीच्या ७७०७ राजांचा उल्लेख येतो. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. त्यातील अर्थ एवढाच की, तेथे कुळाकुळाचा क्षत्रिय कर्ता पुरुष स्वतःस राजा म्हणवून घेई आणि राज्य हे सर्वांच्या समाईक मालकीचे मानले जाई. वैशाली हे प्रजेचे राज्य नव्हते, ते राजांचे गणराज्य होते. शेतात राबणारे दास आणि कर्मकर यांना त्या सभेत जागा नव्हती. कुळ हाच राज्याचा धनी, ही कल्पना लिच्छवींबरोबर संपली नाही. कछवाह्यांच्या राज्याच्या मुळाशीही तिचाच एक प्रकार आढळतो.

कछवाह्यांनी बडगुजरांकडून दौसा आणि मीणांकडून खोह व आमेर हा प्रदेश घेतला, असे परंपरा सांगते. आमेरच्या गादीवरील राजाचे धाकटे पुत्र वाट्याला आलेल्या गावांत जाऊन राहत आणि त्यांच्या नावाने नवी शाखा सुरू होई. चौदाव्या शतकातील राजा उदयकर्णाच्या वंशातून शेखावत आणि नरूका या दोन मोठ्या शाखा निघाल्या. १५०३ ते १५२७ या काळात राज्य करणाऱ्या पृथ्वीराजाच्या मुलांच्या घराण्यांतून ‘बारह कोटडी’ ही व्यवस्था रूढ झाली. चौमू व सामोद येथील नाथावत, डिग्गीचे खंगारोत, अचरोलचे बलभद्रोत ही सारी पृथ्वीराजाची संतती. कोटडी म्हणजे घर. एकाच वाड्याची बारा दालने असावीत तसे हे राज्य होते. मधले दालन आमेरचे, पण भिंती समाईक.

येथे दोन भाषांतील शब्दांची तुलना उद्बोधक ठरते. मराठीत ‘भाऊबंदकी’ म्हटले की तंटा, मत्सर आणि घराचा नाश हेच डोळ्यांसमोर येते. राजस्थानात ‘भाईबंट’ म्हणजे भावाभावांतील वाटणी, म्हणजे अधिकाराचा पाया. शेखावाटीत शार्दूलसिंहाच्या १७४२ मधील मृत्यूनंतर झुंझुनूच्या मुलखाचे पाच वाटे पडले आणि त्या प्रदेशाला ‘पंचपाना’ असे नावच मिळाले. शेजारच्या सीकरने मात्र थोरल्याकडे सर्व ठेवण्याची रीत धरली. याचे फळ उघड आहे. सीकरचे राव बलाढ्य राहिले. उलट जेथे वाटणीवर वाटणी होत गेली तेथे कित्येक घराण्यांची मजल स्वतःच नांगर धरण्यापर्यंत आली. तलवार भिंतीवर आणि बैल दारात, अशी स्थिती असलेला राजपूतही कुळाच्या दृष्टीने ठिकाणेदाराचा भाऊच होता.

कर्नल जेम्स टॉड यांनी १८२९ आणि १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या राजस्थानविषयक ग्रंथात ही व्यवस्था युरोपातील सामंतशाहीच्या साच्यात बसविली. हॅलम या इंग्रज इतिहासकाराने रेखाटलेले मध्ययुग त्यांच्यापुढे होते. पुढे भारतीय भाषांतील नाटके आणि कादंबऱ्या यांनी टॉडचाच राजपूत स्वीकारला : स्वामिनिष्ठ, मानी, शब्दाला जागणारा. आल्फ्रेड लायल यांनी एकोणिसाव्या शतकातच हरकत घेतली होती की, या राज्यांचा आधार जमिनीचे दान हा नसून कुळाचे नाते हा आहे. मार्क ब्लॉख या फ्रेंच इतिहासकाराचे युरोपविषयीचे विवेचन या हरकतीला अप्रत्यक्षपणे बळकटी देते. रक्ताचे नाते रक्षणाला अपुरे पडू लागले तेव्हा परक्याशी शपथेचे नाते जोडण्याची गरज भासली आणि त्यातून सामंतशाही जन्मली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आमेरमध्ये रक्ताचे नाते अपुरे पडले नव्हते. ते राज्याचा कणा होऊन बसले होते.

मग भावाचा चाकर केव्हा झाला? या स्थित्यंतराचे मोठे कारण आमेरच्या बाहेर, मोगल दरबारात सापडते. १५६२ मध्ये भारमलाने अकबराशी सोयरीक जोडली आणि आमेरचा राजा मनसबदार झाला. १६०५ मध्ये मानसिंहाची मनसब सात हजारांपर्यंत चढली. बादशाही दप्तरात आमेर हे राजाचे ‘वतन’ म्हणून नोंदले गेले. महाराष्ट्रात जो शब्द गावच्या पाटलाच्या हक्काला लागे, तोच येथे एका राजाच्या वडिलोपार्जित मुलखाला लागला. पण दोन्हीकडे त्यातील जोर एकच आहे : हे दुसऱ्या कोणाचे नव्हे. आजवर कुळाचा असलेला मुलूख कागदावर एका माणसाचा झाला. शिवाय वतनाबाहेरच्या जहागिरी बादशहाकडून राजाला मिळत आणि त्यातील गावे तो स्वारांच्या चाकरीच्या बोलीवर आपल्या भाऊबंदांना पट्ट्याने देई. ज्या मिर्झाराजे जयसिंहाशी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांना पुरंदरचा तह करावा लागला, त्याच्या फौजेमागे असलेल्या व्यवस्थेचे मर्म हे होते. भाऊ हा भाऊ राहिलाच, पण त्याच्या हातात आता वाट्याऐवजी पट्टा आला.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले तेव्हा ही प्रक्रिया आणखी पुढे गेली. मोगल सत्ता ढिली पडत असता त्याने आसपासचे परगणे इजाऱ्याने घेतले आणि शेखावतांना आपल्या छत्राखाली आणले. त्याच्या राज्यात उमरावांच्या शेजारी दुसरा एक वर्ग उभा होता. तो लेखणीचा वर्ग. खत्री, जैन महाजन आणि कायस्थ हे दिवाण व मुत्सद्दी असत. नगररचनेत विद्याधर हा बंगाली होता. ‘अल्माजेस्ट’ आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे दाक्षिणात्य पंडित होते. या मंडळींना राज्यात वाटा नव्हता, म्हणूनच राजाला ती हवी होती. ज्याला भाऊपणाचा आधार नाही असा सेवक पूर्णपणे धन्याचा असतो.

जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या दोन पुत्रांत गादीचा तंटा पेटला. मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले; १७४८ मध्ये बगरू येथे लढाई झाली; १७५० च्या अखेरीस मराठी फौजा दाराशी आल्या असता ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. ज्या माधोसिंहाला मराठ्यांनी गादी मिळवून दिली त्याच्याच राजधानीत जानेवारी १७५१ मध्ये शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. मराठी इतिहासलेखनात या प्रसंगाकडे बहुधा विश्वासघात म्हणून पाहिले जाते. त्याची दुसरी बाजू अशी की, खंडणीचा प्रत्येक आकडा शेवटी गावावर बसत होता, आणि खंडणीसाठी राजा जितका हतबल होई तितके उमराव बळावत. माचेडीच्या प्रतापसिंह नरूकाने या काळात जयपूरपासून फुटून १७७५ मध्ये अलवरचे स्वतंत्र राज्य स्थापिले. चाकर झालेल्या भावाने संधी मिळताच आपला वाटा पुन्हा वसूल केला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

१८१८ मध्ये जयपूरचा इंग्रजांशी तह झाला. लढाया थांबल्या आणि उमरावाच्या स्वारांचे प्रयोजन उरले नाही. चाकरी निरर्थक झाली की माणूस मानाला अधिक घट्ट धरतो. सरदार दरबारात आला असता राजाने उठून उभे राहणे याला ‘ताजीम’ म्हणत. हा मान ज्यांना होता ते ताजिमी सरदार, त्यांच्या खाली खास चौकीचे. कोणाला पायात सोने घालण्याची परवानगी, कोणाला कोणत्या प्रतीचा सिरोपाव, कोणाच्या घरी मृत्यू झाला असता दुखवट्याला राजाने जायचे की कोणाला पाठवायचे, हे सारे ठरलेले असे. वारस गादीवर बसताना ‘मातमी’ होऊन राजाची मान्यता मिळे. हक्क रक्ताने येई, पण शिक्का दरबारचा लागे. जयपूरच्या दप्तरातील ‘दस्तूर कौमवार’ या नोंदवह्या या दृष्टीने अपूर्व आहेत. कोणाला काय देण्यात आले याच्या नोंदी त्यांत जातवार लावलेल्या आहेत. राजपूत, ब्राह्मण, महाजन, कारागीर, सर्व त्यात आहेत. संपूर्ण समाज हा मानाच्या पायऱ्यांवर उभा आहे आणि प्रत्येक पायरी मोजता येते, ही त्या वह्यांची श्रद्धा आहे.

या पायऱ्या केवळ दरबारातच होत्या असे नव्हे, त्या शेतापर्यंत उतरल्या होत्या. अठराव्या शतकातील महसुली कागदांवरून दिलबाग सिंग यांनी पूर्व राजस्थानातील शेतकऱ्यांचे जे चित्र उभे केले आहे, त्यात ‘रियायती’ आणि ‘रैयती’ हे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. राजपूत, ब्राह्मण, महाजन आणि गावचे पटेल यांना सवलतीचा दर. इतरांना पुरा दर. जमीन तीच, पीक तेच, पाऊसही तोच. परंतु धान्याच्या राशीतून राज्याचा भाग किती जाणार हे नांगर धरणाऱ्याच्या जन्मावर ठरे. वर लागबाग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाना पट्ट्या आणि वेठ. राज्याच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जहागीरदार व ठिकाणेदार यांचा अंमल होता, म्हणून या बहुसंख्य प्रजेला राजा दूरच होता. तिचा राजा म्हणजे ठाकूर.

आणि या शेतकऱ्याच्याही खाली गोला-गोली होते. हुंड्यात दागिन्यांबरोबर दिली जाणारी ही माणसे ठिकाण्याच्या आत जन्मत आणि आतच मरत. आचार्य चतुरसेन शास्त्री यांनी १९४९ मध्ये ‘वैशाली की नगरवधू’ ही आम्रपालीवरील कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढे ‘गोली’ ही राजस्थानी संस्थानातील एका दासीची कथा लिहिली. एकाच लेखकाच्या या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वैशालीत सर्व राजे समान, म्हणून सर्वांत सुंदर स्त्री कोणा एकाची होऊ नये, ती गणाची व्हावी. राजस्थानात ठाकुरांचे नाते अखंड राहावे म्हणून एका स्त्रीने दुसरीच्या लग्नात वस्तू म्हणून जावे. भावांच्या समतेची किंमत दोन्हीकडे भावकीबाहेरच्या माणसाने दिली. या विषयावरील इतिहासलेखन दीर्घकाळ राजा आणि उमराव यांच्यातील न्यायाची चर्चा करीत राहिले. चतुरसेनांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या स्त्रीकडे पाहिले, हे त्यांचे श्रेय आहे.

बाहेरच्यांनी मानाच्या पायऱ्यांनाच हात घातला तो विसाव्या शतकात. जानेवारी १९३४ मध्ये सीकर येथे जाट शेतकऱ्यांनी महायज्ञ भरविला, तेव्हा हत्तीवरून मिरवणूक काढण्याचा त्यांचा बेत ठिकाण्याला खुपला. हत्ती हे उमरावाचे वाहन. त्यावर शेतकऱ्याची मिरवणूक म्हणजे दस्तुराचा भंग. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये कूदन गावी गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. १९३८ मध्ये त्याच सीकरचे रावराजा कल्याणसिंह, मुलाच्या शिक्षणाच्या प्रश्नावरून, जयपूर दरबाराविरुद्ध उभे ठाकले आणि शहराचे दरवाजे बंद झाले. आपण जयपूरचे सामान्य जहागीरदार नाही, हा सीकरचा दावा म्हणजे जुन्या वाट्याचा शेवटचा उच्चार होता. या तंट्यात मध्यस्थी करणारे जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास या गावी जन्मलेले आणि वर्ध्यात वाढलेले. त्याच वर्षी ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९३९ मध्ये बंदी मोडून राज्यात शिरल्याबद्दल तुरुंगात गेले. महाजनाच्या कुळातील या माणसाने प्रजेच्या हक्काची जी भाषा तेथे आणली, तिच्यासाठी ‘दस्तूर कौमवार’मध्ये रकानाच नव्हता.

१९४९ मध्ये जयपूर राजस्थानात विलीन झाले, आणि १९५२ च्या कायद्यान्वये जहागिरी परत घेण्याचे काम १९५४ पासून सुरू झाले. मोठ्या घराण्यांजवळ वाडे, शिक्षण आणि ओळखी होत्या, ती सावरली. १९५५ साली भूस्वामी आंदोलनात उतरला तो लहान राजपूत, ज्याच्याजवळ वाटणीत उरलेला तुकडा आणि कुळाचे नाव एवढेच होते. आपण शोषक वर्गात मोजले जातो याचे त्याला आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. पण त्याच्या शेजाऱ्याला पिढ्यान् पिढ्या चढा दर भरावा लागला होता, हेही तितकेच खरे.

‘सरंजामशाही’ हा एकच शब्द या दोघांना न्याय देऊ शकत नाही. राजस्थानी किंवा हिंदी कृती मराठीत आणणाऱ्याने ‘ठिकाणा’ला जहागीर आणि ‘कोटडी’ला वाडा म्हटले की वाट्याचा हक्क पुसला जातो, आणि राजपुती मानाचे गुणगान तेवढे उचलले की तो मान कोणाच्या राशीतून मोजून घेतला गेला हे झाकले जाते. वाटा, चाकरी आणि मान या तीन शब्दांनी जयपूरच्या उमरावाचा चारशे वर्षांचा प्रवास सांगता येतो. त्या प्रवासाचा खर्च सांगायला मात्र चौथा शब्द लागतो, आणि तो शब्द रैयत हा आहे.