दुर्मीळ शब्दाचं वजन

आजचा भाग माझ्याच एका फजितीतून निघालाय.

मागच्या महिन्यात मी आपल्या जुन्या भागांच्या लिखित प्रतींसाठी छोटासा सर्च लिहायला घेतला. म्हटलं, इंजिनिअर आहोत, त्यात काय एवढं! पहिलाच शब्द टाकला, 'पाऊस'. उत्तर शून्य. आता, एक अख्खा भाग मी पावसावर बोललोय! प्रत उघडून बघितली तर तिथे 'पावसात' होतं, 'पावसाने' होतं, 'पावसाचं' होतं. नुसतं 'पाऊस' कुठेच नव्हतं. असं का झालं, ते कळायला आपल्याला १९७२ सालात जाऊन यावं लागेल.

जागा आहे इंग्लंडमधलं केंब्रिज. तिथे कॅरन स्पार्क जोन्स नावाच्या संशोधक काम करत होत्या. जन्म १९३५चा, पदवीला विषय होता इतिहास, आणि संगणकाकडे त्या आल्या भाषेच्या वाटेने. समानार्थी शब्दांचे गट यंत्राकडून कसे पाडून घ्यायचे, हा त्यांच्या पीएचडीचा विषय.

तेव्हाचा प्रश्न साधा होता. कुणी चार शब्द टाकून कागदपत्रं शोधतोय, तर त्या चारांतला कुठला शब्द जास्त महत्त्वाचा? आपण म्हणू, ज्याचा अर्थ नेमका तो. 'पेय' ढोबळ, 'चहा' नेमका. पण समजा तुमचं ग्रंथालयच चहावरच्या पुस्तकांचं असेल तर? मग 'चहा' सगळ्याच पुस्तकांत येणार, आणि शोधायला त्याचा उपयोग शून्य. म्हणून कॅरन यांनी १९७२च्या लेखात मांडलं की शब्दाचा नेमकेपणा अर्थावरून ठरवू नका, वापरावरून ठरवा. तो शब्द किती कागदपत्रांत येतो, ते मोजा. जितक्या कमी, तितकं वजन जास्त.

हिशोब बघा. समजा आपले १२८ भाग आहेत. 'आणि' सगळ्या १२८ भागांत येतो. १२८ भागिले १२८ म्हणजे १, त्याचा लॉगॅरिदम शून्य. वजन शून्य! 'संगणक' ३२ भागांत आला, तर भागाकार ४ आणि दोनच्या पायावर लॉग २. 'आगगाडी' फक्त दोन भागांत आली, तर भागाकार ६४, लॉग ६. बस, एवढंच. यंत्राला अर्थाचा गंधही नाही, तरी कुठला शब्द कामाचा ते त्याला कळतं.

आता खरी गंमत. हीच युक्ती एकतीस वर्षांनी चित्रांना लागू झाली. २००३ साली ऑक्सफर्डमध्ये जोसेफ सिविक आणि अँड्र्यू झिसरमन यांना सिनेमातल्या वस्तू शोधायच्या होत्या. 'रन लोला रन'च्या एका फ्रेममधली वस्तू निवडायची, आणि ती आणखी कुठे कुठे दिसते ते यंत्राने सांगायचं. पण चित्रात शब्द कुठून आणणार? त्यांनी ते तयार केले. फ्रेममधले ठळक छोटे तुकडे घेतले, प्रत्येकाचं वर्णन आकड्यांत केलं, आणि सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचे गट पाडले. एक गट म्हणजे एक 'दृश्यशब्द'. आता प्रत्येक फ्रेम म्हणजे एक कागदपत्र! सगळीकडे दिसणारा तुकडा हलका, क्वचित दिसणारा जड. म्हणजे तेच १९७२चं गणित. पुढच्याच वर्षी असे तुकडे मोजून चित्रांचं वर्गीकरणही होऊ लागलं: हे चित्र गाडीचं, हे चेहऱ्याचं.

दृश्यशब्दांचं राज्य साधारण दशकभर चाललं. २०१२च्या इमेजनेट स्पर्धेत टोरोंटोच्या चमूचं न्यूरल नेटवर्क उतरलं. कुठले तुकडे बघायचे, हे ते स्वतःच शिकलं होतं. त्याच्या चुका १५.३ टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या २६.२ टक्के. मग २०२१मध्ये 'क्लिप' आलं. ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवरून ते वाक्य आणि चित्र एकाच मापाने मोजायला शिकलं. चित्रांपुरता तो जुना शब्दकोश मागे पडला.

मजकुरात मात्र कॅरन यांचं वजन अजून जिवंत आहे. त्यांनी स्टीफन रॉबर्टसन यांच्याबरोबर केलेल्या कामातून पुढे 'बीएम २५' नावाचं सूत्र आलं. आज 'इलास्टिकसर्च' बसवलंत, तर काही न बदलता तेच सूत्र चालतं. मी ते कितीतरी वेळा वापरलंय. त्यामागे कोण, हे मला कधी कुणी शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. या बाईंनी कित्येक वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काढली. प्राध्यापकपद मिळालं १९९९ साली, साठी उलटल्यावर. २००७मध्ये त्या गेल्या. न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्यावर मृत्युलेख छापला तो थेट २०१९मध्ये, राहून गेलेल्या माणसांच्या सदरात.

आता परत माझ्या पावसाकडे येऊ. हे सगळं गणित 'शब्द म्हणजे काय' यावर उभं आहे. इंग्रजीत रेन म्हणजे रेन, त्याला फार तर शेपटी लागते. मराठीत 'पाऊस'चा 'पावसा-' होतो, मग त्याला 'त', 'ने', 'चं' चिकटतं. यंत्र हे सगळे वेगळे शब्द मोजतं. म्हणजे सापडत नाही तो नाहीच, वर वजनही खोटं! पाऊस वीस भागांत असला, तरी त्याची दहा रूपं दोन-दोन भागांत विखुरली, की प्रत्येक रूप यंत्राला दुर्मीळ वाटतं.

म्हणून मी प्रत्यय कापायचे नियम लिहिले. 'गावात'मधून 'गाव' निघालं, मी खूश. मग 'हात' टाकला. यंत्राने 'त' कापला आणि 'हा' शोधायला लागलं! शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना वैतागायचो. आता तोच तक्ता समोर ठेवून, अपवादांची यादी करत बसलोय. आपल्या भाषेचा हा भाग कुणीतरी बसून करायलाच हवा, नाहीतर मराठीत लिहिलेलं असूनही सापडणार नाही.

सर्च पुढच्या आठवड्यात ब्लॉगवर टाकतोय. शब्द टाकून बघा, आणि जो सापडणार नाही तो मला कळवा. यादीत घालतो. भेटूया पुढच्या भागात!