जुन्या मोटारीतील लपविलेला दोष

पुरात बुडालेली मोटार धुऊन-पुसून विकली, तर खरेदीदाराला ते सहसा महिन्या-दोन महिन्यांनी कळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसू शकते. आसनाखालच्या रुळांवर गंज असतो. अशा वेळी घाईने दुरुस्ती करणे अंगलट येते, कारण पुरावाच नाहीसा होतो. आधी कार्यशाळेचा लेखी अहवाल घेऊन विक्रेत्याला नोटीस द्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तीही खरेदीदाराच्या स्वतःच्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र बंधनकारक आहे. ते पैसे देण्यापूर्वीच मागावे.