प्रकाशाचा कोन आणि तीन मजल्यांची मुंबई

दादर स्टेशनला पूर्वेकडे उतरावं, दादर टी.टी.चा चौक ओलांडावा आणि हिंदू कॉलनीच्या एखाद्या गल्लीत शिरावं. चौकातला कल्लोळ हळूहळू मागे पडतो. दोन्ही बाजूंना तळमजला आणि वर दोन-तीन मजले असलेल्या इमारती, गोलाकार सज्जे, जिन्याला उभी जाळी आणि वर रस्त्यावर कमान धरणारी झाडं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करू शकतात, इतकीच या घरांची उंची. माझी एक आत्या अशाच एका घरात राहत असे. आम्ही मुलं तिला ‘ब्लॉकवाली आत्या’ म्हणत असू, कारण आम्ही चाळीत राहत होतो आणि ‘ब्लॉक’ म्हणजे काहीतरी फार मोठं, असं आम्हाला वाटत असे.

ही घरं मुंबईत आली कशी? त्यांची उंची कोणी ठरवली? आणि आज ती पाडली जात असताना आपण नेमकं काय गमावतो आहोत? याचा शोध घ्यायचा, तर प्लेगच्या दिवसांत जावं लागतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. मुंबई सोडून माणसं गावाकडे पळू लागली. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. दोष दिला गेला तो अंधाऱ्या खोल्यांना, कोंदट हवेला आणि दोन चाळींमधल्या घाणेरड्या घरगल्ल्यांना. निदान पूर्ण बरोबर नव्हतं. पण त्या खोल्यांत क्षयाने माणसं मरत होती, हेही खोटं नव्हतं.

१८९८ मध्ये कायदा होऊन मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झालं. ट्रस्टने दोन वाटा धरल्या. एक म्हणजे जुन्या दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची फळं. समुद्रावरची हवा शहराच्या पोटात शिरावी, ही त्यामागची कल्पना. दुसरी वाट म्हणजे उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली शेतं, बागा आणि खाजणं ताब्यात घेऊन, आधी रस्ते-गटारं घालून मग भूखंड भाड्यापट्ट्याने द्यायचे. आधी रस्ता, मग घर! आज हा क्रम वाचून आपल्याला हसू येईल. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तो पाळला गेला होता.

घर किती उंच बांधू द्यायचं, हा पुढचा प्रश्न. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा यांवर तपशीलवार मांडणी केली. त्यांचा आग्रह होता साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा. आकडा अवघड वाटला तरी हिशेब सोपा आहे. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. म्हणजे समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये वीस फूट मोकळी जागा हवी. उंचीच्या निम्मं अंतर. मजला वाढवायचा असेल, तर मागे सरा. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्लंडच्या धर्तीवर बागेतल्या बंगल्यांचं उपनगर इथल्या जमिनीच्या किमतीत पांढरपेशा कारकुनाला परवडणारं नव्हतं आणि चाळ तर नको होती. त्यातून मधला मार्ग निघाला: भूखंडाच्या मध्यावर सुटी उभी इमारत, चारी बाजूंनी मोकळी जागा, दोन-तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर मोजकी बिऱ्हाडं. गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली आणि मालकी-भाडेकरूंच्या पलीकडचा सहकाराचा रस्ता दाखवला. दादरला ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या मंचरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी भूखंड मिळवून पारशी कॉलनी वसवली. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेले नोकरदार स्थिरावले. माहीमकडच्या बाजूला १९२५ मध्ये मोठं मैदान खुलं झालं. दोन वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळालं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तोवर आराखडा पक्का झाला होता. १९३०च्या दशकात सिमेंट-काँक्रीटने वेग धरला आणि भूखंड भराभर भरले.

इमारतींइतकाच बदल घराच्या आत झाला. चाळीत संडास सामाईक आणि सज्जाच्या टोकाला. ब्लॉकमध्ये तो घरात आला. आज यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना स्वयंपाकघर आणि संडास एका छपराखाली ही कल्पनाच पचनी पडणारी नव्हती. म्हणून नकाशात संडास-मोरी मागच्या बाजूला, शक्य तितकी दूर ढकललेली दिसते आणि सफाई कामगारासाठी मागचा वेगळा जिनाही दिसतो. नव्या घराने जुनी अस्पृश्यता संपवली नाही. तिला फक्त वेगळा जिना करून दिला, हेही इतिहासात नोंदवायला हवं.

दुसरी नोंद त्याहून कडू आहे. रस्ते काढताना ट्रस्टने ज्यांची घरं पाडली, ते गरीब लोक या नव्या वसाहतींत आले नाहीत. त्यांना इथलं भाडं झेपणारं नव्हतं. गिरणगावातल्या कामगारांसाठी १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बी.डी.डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्याही तळमजला अधिक तीन मजल्यांच्याच. पण खोली १६० चौरस फुटांची, एका इमारतीत ८० खोल्या आणि संडास सामाईक. उंची तीच, काँक्रीटही तेच. फरक होता तो एका कुटुंबाला किती जागा द्यायची, या निर्णयाचा. मजले मोजून घराची प्रत कळत नाही, हे या दोन वस्त्या शेजारी ठेवल्या की समजतं.

आता थोडं गणित करू. समजा, भूखंडाच्या एक-तृतीयांश भागावर इमारत आहे आणि तळमजला धरून चार मजले आहेत. एकूण बांधकाम भूखंडाच्या १.३३ पट झालं. गंमत पाहा, १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबई बेटावर जो चटईक्षेत्र निर्देशांक आला, तोही १.३३ च होता! म्हणजे तेवढी माणसं सामावून घ्यायला गगनचुंबी इमारत लागत नव्हती. तेच बांधकाम भूखंडाच्या दहाव्या हिश्शावर केलं, तर इमारत तेरा मजली होईल. माणसं तेवढीच राहतील. वाढेल ती लिफ्ट, पंप आणि विजेचं बिल. उंच म्हणजे दाट, हा आपला समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा.

आटोपशीर शहर म्हणतात ते असं. शाळा, बाजार, मैदान, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. ‘टी.टी.’ म्हणजे ट्रामचं टर्मिनस. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी चौकाने नाव सोडलेलं नाही. घर, ट्राम आणि आगगाडी यांचा एकत्र विचार झाला होता, याची ती खूण आहे.

मग ही घरं जीर्ण का झाली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला तो आधारच होता. पण दशकं लोटली, महागाई वाढली, भाडं तेच राहिलं. घरमालकाने दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी नवी घरं बांधणंही जवळपास थांबलं. पागडी फोफावली. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. तरी दर पावसाळ्यात एखादी इमारत कोसळल्याची बातमी येतेच. पुढे उपाय निघाला तो पुनर्विकासाचा: जुन्या रहिवाशांना फुकट घर, आणि त्याचा खर्च निघावा म्हणून विकासकाला वाढीव चटईक्षेत्र. इमारतीची उंची आता उजेडाच्या कोनावर नव्हे, विक्रीच्या हिशेबावर ठरू लागली.

यात रहिवाशाला दोष देता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या माणसाला ‘तुमची तीन मजली चाळच बरी होती’ असं सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न टॉवरचा नाहीच. प्रश्न आहे तो दोन टॉवरमधल्या अंतराचा. ऑर यांच्या हिशेबाने चाळीस मजल्यांना किती मोकळी जागा सोडावी लागेल, हे आपणच मोजून पाहावं. आणि हा नियम सर्वात आधी कोणासाठी होता, तर सर्वात खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडासाठी.

आत्याची इमारतही आता पुनर्विकासाला गेली आहे. सोसायटीच्या सभेत घरांच्या क्षेत्रफळावर चार तास चर्चा झाली, असं आतेभावाने सांगितलं. मी त्याला विचारलं, ‘खालच्या मजल्यावर ऊन किती वाजता येणार?’ तो म्हणाला, ‘ते कुणी विचारलंच नाही.’ पुढच्या सभेत विचारीन, असं मात्र त्याने कबूल केलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)